शेवटच्या प्रकरणातल्या एका दुरुस्तीबाबत

अर्जदार : विश्वनाथ गुरप्पा, धंदा अर्जनवीस, बसण्याची जागा लातूर तहसील कचेरीच्या फाटकासमोरील लिंबाखाली. शिक्षण उर्दूतून चौथी, मराठीतून सातवी अपुरी, पुढचे सर्व कचेरीसमोर.

समोरील पक्षकार : श्रीमती गोपीबाई, धंदा कापड दुकान, जिल्हा परिषदेच्या माजी सभापती, राहणार मुरुड. मूळ राहणार, हा रकाना आपल्याच हुकमावरून कोरा सोडला आहे.

घटना : आपले निधन. सोमवारी, दुपारी, दुकानाच्या गादीवर, समोर गिऱ्हाईक असताना.

साक्षीदार : (१) शेख मेहबूब, कचेरीसमोरील चहावाले. (२) हरीश, आपले चिरंजीव. (३) अण्णाराव पाटील, राहणार मुरुड, एके काळचे आपले विरोधी उमेदवार.

तक्रारीची हकीकत खालीलप्रमाणे.

बाई, लातुरात माझ्याइतका शुद्ध अर्ज लिहिणारा दुसरा इसम नाही, हे मी सांगण्याची गरज नाही. तुम्हीच ते भर सभेत सांगितले होते आणि लगेच पुढे म्हणाला होतात, की हा माणूस बोलायला लागला की मात्र ऐकवत नाही. त्या दुसऱ्या वाक्याची मी आजवर दखल घेतलेली नाही. तुम्ही गेल्यावर वर्तमानपत्रात जे आले ते मी वाचले. जन्म, पदे, सत्कार, शेवटी हळहळ. मजकूर नियमाला धरून आहे. फक्त तो वाचताना मला तुमचा आवाज कोठे ऐकू आला नाही, सबब हा अर्ज मी स्वतः लिहीत आहे. मोबदला घेतलेला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही प्रथम माझ्या टेबलासमोर उभ्या राहिलात. बरोबर खडीकामावरच्या बाया होत्या, पदरापासून पापण्यांपर्यंत पांढऱ्या धुळीने भरलेल्या. तुमच्या अंगावर इस्त्रीचे पातळ होते, म्हणून मी तुम्हाला मुकादमाची बायको समजलो. दुकानात त्या वर्षी गिऱ्हाईक नव्हते आणि दुकानासमोरून रोज ह्या बाया कामावर जात, एवढेच तुमचे त्यांच्याशी नाते. कामावर पिण्याच्या पाण्याचे पिंप येत नाही अशी तक्रार होती. मी लिहिले, ‘तृषार्त महिला मजुरांची जलाभावी होणारी घोर विटंबना दूर होणेबाबत.’ टाचण्या संपल्या होत्या म्हणून कागदांना बाभळीचा काटा टोचला आणि अंगठ्यासाठी शाईची गादी पुढे केली.

तुम्ही म्हणालात, “वाचा.”

मी सांगितले, की अर्ज वाचायचा असतो तो तहसीलदारांनी.

“तहसीलदार मागून वाचंल. आदी आमाला वाचून दावा. अंगठा आमचा हाय.”

मी वाचला. मन लावून वाचला. वाचून झाल्यावर खडीवरची एक म्हातारी म्हणाली, “लई चांगलं हाय ओ मुन्शी. पन कुनाचं हाय ह्ये?”

बाया हसल्या. तुम्ही तोंडाला पदर लावलात. मी दुसरा कागद घेतला आणि तुम्ही सांगाल तसे लिहिले. कामावर पिंप येत नाही. बाया ओढ्यात खड्डा उकरतात, लुगड्याच्या पदरातून गाळून पाणी पितात. पोरांना हगवण लागली आहे. पिंप पाठवा. एवढाच अर्ज. माझ्या मते त्यात काहीही ताकद नव्हती. पिंप त्याच आठवड्यात आले.

त्या दिवशी मेहबूबभाईंच्या बाकावर चहा घेताना तुम्ही कारण सांगितलेत. फाळणीनंतर तुम्ही सारे सक्करहून कल्याणच्या कॅम्पात आलात. तिथे एका कारकुनाने तुमच्या वडिलांपुढे कागद ठेवला. “म्हनला, हितं अंगठा लाव. बापानं लावला. तिकडं सोडलेल्या घराच्या भरपाईचा क्लेम त्या अंगठ्याखाली गेला, मुन्शीजी. कागदात काय व्हतं, ते मला आजपातुर म्हाईत न्हाई.” हे तुम्ही बशीत चहा ओतता ओतता सांगितलेत आणि बशीतला थेंबही सांडला नाही.

तेव्हापासून तुमच्या प्रत्येक कागदाखाली माझा शेरा असे : ‘वाचून दाखविले. कबूल.’ पुढे मी ही पद्धत सर्व अशिलांना लावली. आज लातुरातले सर्व अर्जनवीस तीच पद्धत पाळतात आणि ती माझी आहे असे समजतात. ती तुमची आहे, हे येथे नमूद करतो. आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. सातवी अपुरी राहिलेल्या माणसाला ‘वाचा’ असे कोणी म्हणत नाही. ‘लिहा’ म्हणतात, ‘लवकर लिहा’ म्हणतात. तुम्ही म्हणालात. हे तुम्हाला सांगायचे राहून गेले.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. तोवर जिल्ह्याच्या कामाला उस्मानाबादेला जावे लागे. अर्ज माझ्याकडे लिहायचा, बस पकडायची, साहेब दौऱ्यावर, परत यायचे. आता साहेबच लातुरात आले, आणि माझ्या टेबलासमोर एका बाकाच्या जागी दोन बाके ठेवावी लागली. नव्या जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. मुरुडात खडीवरच्या बायांनी तुमचे नाव पुढे केले. तुम्ही नको म्हणालात, मग हो म्हणालात. नको का म्हणालात ते मला सांगितले होते : “मी भायेरची. उभं ऱ्हायलं की लोक इचारतात, कुटून आलीस. बसून ऱ्हायलं की कुनी इचारत न्हाई.”

तुम्ही उमेदवारीचा अर्ज भरल्यावर अण्णाराव पाटील सकाळीच माझ्याकडे आले. त्यांना आक्षेप घ्यायचा होता. ते म्हणाले, “मुन्शी, असं लिव की साहेबानं वाचलं की बाई घरी गेली पायजे.” मी लिहिले. अर्जनवीस हा न्हाव्यासारखा असतो. समोर आलेले डोके कोणत्या पक्षाचे आहे हे तो विचारत नाही. मी लिहिले, ‘सदर बाई ह्या मूळच्या ह्या भूमीतील नसून परमुलखातून आलेल्या निर्वासित असल्याकारणाने येथील जनतेच्या सुखदुःखाची जाण त्यांच्या ठायी असणे संभवत नाही.’ असे वाक्य मी त्याआधी लिहिले नव्हते, त्यानंतरही लिहिलेले नाही.

दुपारी तुम्ही त्याच आक्षेपाची नक्कल घेऊन आलात. बाकावर बसलात. कागद माझ्यापुढे ठेवलात.

“ह्याला उत्तर लिवा. अक्षर वळखीचं दिसायलंय.”

मेहबूबभाई किटली घेऊन उभे होते. ते म्हणाले, “क्या बात है बाई! सुबह जहर, दुपारी उतारा, दुकान एकच!”

तुम्ही हसला नाहीत. कागदावरून बोट फिरवत ते वाक्य पुन्हा वाचलेत. मग म्हणालात, “संभवत नाही. मन दुखलं माजं, मुन्शीजी. पन शब्द झकास हाय.”

मी कोरा कागद घेतला. चांगल्या चार पानांचे उत्तर माझ्या मनात तयार होते. तुम्ही सांगितलेत ते असे : माझे नाव मुरुडच्या मतदार यादीत आहे. दुष्काळात मी मुरुडात होते. आक्षेप घेणारे तेव्हा कोठे होते, हे त्यांनी सांगावे.

“अजून?” मी विचारले.

“बास. वाचा.”

सुनावणीला साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि विचारले, हे कोणी लिहिले? मी उठून उभा राहिलो. म्हटले, दोन्ही मीच. साहेब म्हणाले, मग निकालही तुम्हीच लिहून टाका. सगळे हसले, अण्णारावही हसले. नाव यादीत होते. आक्षेप फेटाळला गेला. तुम्ही निवडून आलात, पुढे सभापती झालात, आणि सभापतीच्या खुर्चीवर तुमचे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर येऊन बसू लागलात. कचेरीच्या फाटकासमोरून आम्हा अर्जनविसांना उठवा असा विषय निघाला, तेव्हा तुम्ही म्हणालात, “ह्यांला उटवलं तर लोकांनी आत कुनाचा हात धरून यावं?” विषय मागे पडला. ह्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. मला वाटले होते, तो माझ्या अक्षराचा मान आहे.

मुदत संपली, तेव्हा तुम्ही म्हणालात, “मुन्शीजी, आता माजा अर्ज लिवा.”

“कोणाकडे करायचा?”

“कुनाकडंच न्हाई. नुस्ता अर्ज.”

अशा रीतीने पुस्तक सुरू झाले. दर रविवारी मी मुरुडला येत असे. तुम्ही गादीवर, मी पायरीवर, मांडीवर लाकडी फळी. गिऱ्हाईक आले की सांगणे थांबे, खण फाडून झाला की त्याच वाक्यापासून पुढे. भांडणे पहिल्याच रविवारी सुरू झाली. मी आरंभ केला होता, ‘सिंधू नदीच्या पवित्र तीरावर माझा जन्म झाला.’ तुम्ही म्हणालात, “मी नदी कवा बगितली? घर गल्लीत व्हतं. म्हशी बांधलेल्या असायच्या.” मी म्हणालो, की पुस्तकाला उंची लागते. तुम्ही म्हणालात, “गजानं मोजून देऊ का?”

तुम्हाला पुस्तक मुदखेडच्या फलाटावरून सुरू करायचे होते. मी हरकत घेतली, की स्थळपाहणी केल्याशिवाय मी लिहिणार नाही. तेव्हा तुम्ही मला मुदखेडला घेऊन गेलात. फलाटावर मोगऱ्याच्या टोपल्या गाडीची वाट पाहत ओळीने ठेवल्या होत्या. तुम्ही एका खांबापाशी थांबलात. “हितं.” कॅम्पातून चुलत्याकडे सिकंदराबादेला निघालात, गाडी इथे थांबली, तुमच्या आईला ताप होता आणि पाणी मिळत नव्हते. एक फूलवाली टोपल्यांवर पाणी शिंपडत होती. ती म्हणाली, उतरा की, तांब्यात हाय थोडं. सगळे उतरलात. आई प्यायली, तुम्ही प्यायलात, आणि गाडी सुटली.

“तिकीट सिकंदराबादचं व्हतं,” तुम्ही म्हणालात. “लिवा, गाडी सुटली. तितनं सुरू करा.”

मी खांबाची, नळाची आणि टोपल्यांची नोंद केली. साक्षीदार मिळाला नाही. परत येताना डब्यात तुम्ही मुरुडला नवरी होऊन आल्याचे सांगितलेत. शेजारचे आमचे लिंगायत वाणी सकाळी एकमेकांना ‘शरणार्थी’ म्हणून नमस्कार करीत, आणि तुम्हाला वाटे, निर्वासित म्हणून गाव आपल्याला हिणवते. “सासरे म्हनले, येडे, ह्यो त्यांचा रामराम हाय. मंग मीबी म्हनाया लागले, शरणार्थी आप्पा! आप्पा खूश, मीबी खूश.” त्या दिवशी तुम्ही फार हसलात. पुस्तकाचा आरंभ ‘गाडी सुटली’ असाच आहे. माझी हरकत कायम आहे.

आता मूळ तक्रारीकडे येतो.

शेवटचे प्रकरण आक्षेपाचे. त्यात माझा आक्षेप पूर्ण उतरवून घ्या असे तुम्हीच म्हणालात. माझे नाव मात्र घालायचे नाही म्हणालात. मी म्हणालो, घाला. तुम्ही म्हणालात, लोक तुम्हाला नावे ठेवतील. मी म्हणालो, लोक अक्षर ओळखतातच. हे भांडण मिटलेले नाही. त्याखाली तुम्ही सांगितलेत ते मी जसेच्या तसे घेतले : ‘दुष्काळात अण्णाराव पाटील बायकोपोरांना घेऊन पुण्याला गेले. तेव्हा तेही निर्वासितच होते. फरक इतकाच, की त्यांना तिथे कोणी विचारले नाही, तुम्ही मूळचे कुठले.’

सांगून झाल्यावर तुम्ही कात्री हातात घेऊन बसून राहिलात. “लई कडू झालं का हो ते?”

मी म्हणालो, वाक्य उत्तम आहे.

“तुमाला उत्तम वाटलं म्हंजे नक्की कडू असंल. फुडच्या रविवारी वाचा. मंग ठरवू.”

दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

अंत्यविधीनंतर थोड्या दिवसांनी हरीश माझ्या टेबलाशी आला. डोळे लाल होते, दाढी वाढली होती. त्याच्यावर मी रागावलेलो नाही, हे आधी सांगतो. तो म्हणाला, “मुन्शीकाका, शेवटचं प्रकरण काढून टाका. अण्णारावकाका आता आपल्यासोबत आहेत. मला पुढच्या वेळी उभं राहायचंय, त्यांच्याशिवाय मुरुडात जमत नाही. बाकी पुस्तकाखाली तुमचा नेहमीचा शेरा लिहून द्या. वाचून दाखविले, कबूल. छापखान्यात द्यायचंय.”

“प्रकरण काढल्यावर ते बाईंनी सांगितलेले पुस्तक राहत नाही,” मी म्हणालो.

“आई ते पुण्याचं वाक्य ठेवणारच होती, असं तुम्ही शपथेवर सांगता?”

नाही सांगू शकत. तुम्ही ‘मंग ठरवू’ म्हणाला होतात. शिवाय त्याने विचारले नाही ते मी स्वतःला विचारले. त्या प्रकरणात माझे जन्मातले सर्वांत चांगले वाक्य आहे, ते ‘संभवत नाही’चे. ते छापले जावे म्हणून मी अडून बसलो आहे, की तुमच्यासाठी? आयुष्यभर मी दोन्ही बाजूंचे लिहिले आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी मला चहा पाजला. कोणती बाजू माझी, असा प्रश्न कधी पडला नाही. ह्या खेपेला पडला आणि सांगायला बाकावर कोणी नव्हते. मी हरीशला म्हणालो, बाराव्याला उत्तर देतो.

काल तुमचा बारावा झाला. दुकानासमोर मांडव होता. मुरुड लोटले होते. खडीवरच्या बाया, आता म्हाताऱ्या, पुढे बसल्या होत्या. अण्णाराव काठी घेऊन पहिल्या रांगेत होते. प्रार्थना आटोपल्यावर मी उभा राहिलो. म्हणालो, की बाईंच्या पुस्तकाचे एक प्रकरण त्यांना वाचून दाखवायचे राहिले आहे, ते वाचतो. हरीशने माझा हात धरला. मी म्हणालो, तुझ्या आजोबांनी न ऐकलेल्या कागदावर अंगठा दिला होता. त्याने हात सोडला.

मी वाचले. आक्षेप वाचला, उत्तर वाचले, साहेबांचे हसणे वाचले. मग ते वाक्य वाचले. 

अण्णाराव म्हणाले, “पुन्ना वाच. पुन्याचं.”

पुन्हा वाचले.

“हितं चूक हाय,” ते म्हणाले. “इचारलं व्हतं.”

मला वाटले, ते उठून जाणार. ते उठले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून मांडवालाच सांगू लागले. “पत्र्याची खोली घेतली व्हती मेव्हन्याच्या वळखीनं. मालक रोज सकाळी तोंड धुताना इचारायचा, काय पाटील, तुमच्याकडं पाऊस झाला का? पावसाची चवकशी न्हवती ती. कव्हा जाताव, असं इचारायचा त्यो. बायकू आतून ऐकायची. मी म्हनायचो, हुईल आता.”

मेहबूबभाई लातुरातून मुद्दाम आले होते. त्यांना राहवले नाही. “मग पाटील, बाईवर आक्षेप लिहिताना हे याद नव्हतं का?”

अण्णाराव म्हणाले, “याद व्हतं. म्हनून तर सुचलं.”

मग हरीशकडे पाहून म्हणाले, “काडू नगं रं प्रकरण. दुरुस्त करा. बाईला ह्ये म्हाईत न्हवतं. कळलं असतं तर तिनं लिवलं असतं.”

खडीवरची एक बाई म्हणाली, “लिवलं असतं. अन् मंग चा बी पाटलाच्या घरी पाटवला असता.” ती रडत होती. हरीशने अण्णारावांना पाण्याचा तांब्या दिला. त्याने प्रकरण ठेवायला मान्यता दिली आहे. निवडणुकीचे तो आणि अण्णाराव पाहून घेतील.

सबब सद्यःस्थिती अशी. प्रकरण कायम आहे. ‘कोणी विचारले नाही’ हे शब्द चुकीचे ठरले आहेत. त्या जागी घरमालकाची रोजची चौकशी घालावी, असे अण्णारावांचे म्हणणे असून त्यास हरीशची हरकत नाही. मी माझ्या अकलेने ‘सदर घरमालकाच्या कुत्सित पृच्छेने’ असे एक वाक्य करून पाहिले आणि फाडले. अण्णाराव बोलले तसेच घेतले आहे. पण सांगणाऱ्याच्या मजकुरात लिहिणाऱ्याने सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय दुरुस्ती करू नये, हा तुमचा दंडक आहे, आणि तो मोडण्याचा अधिकार मला नाही. ‘वाचून दाखविले’ एवढे आता मी मांडवाच्या साक्षीने लिहू शकतो. पुढचा शब्द तुमचा आहे. तो मी लिहिलेला नाही.

तरी अर्जदाराची नम्र विनंती की, आपण सदर दुरुस्तीचा विचार करून ती मंजूर आहे किंवा कसे, ते कळविण्याची तजवीज व्हावी. वाक्य कडू झाले होते का, ह्याचाही खुलासा व्हावा. माझे नाव आक्षेपाखाली घालण्याबाबतचा वाद ह्या अर्जाबरोबर मी मागे घेत आहे. आपण म्हणाल तसे.

अर्ज लिंबाखाली मोठ्याने वाचला आहे. वाचत असता मेहबूबभाईंनी कप विसळणे थांबविले होते. अर्जदार उत्तरासाठी कचेरीच्या वेळात जागेवर हजर असतो, आणि रविवारी मुरुडला, दुकानाच्या पायरीवर.